ओव्हन म्हणजे कपाट नव्हे

"परत कधी?" नाशिक सोडताना आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने मला हाच प्रश्न विचारला, आणि प्रत्येकाला मी ठणकावून सांगितलं, "दिवाळीच्या आत." तिकिटावर परतीची तारीख होती. पण ती बदलता येईल असंच तिकीट मानसीने मुद्दाम काढलं होतं, आणि फोनवर परतीचा विषय निघाला की ती "बघू गं आई" म्हणायची. मानसी माझी एकुलती एक मुलगी. सिंगापूरला एका कंपनीत हिशेबाच्या कामावर आहे आणि आता तिथलीच कायमची रहिवासी झाली आहे. तिच्या 'बघू'चा अर्थ मला ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून ठाऊक आहे. तिच्या बाजूने सगळं ठरलेलं असतं तेव्हाच ती 'बघू' म्हणते.

निमित्त झालं होतं दुधाचं. उन्हाळ्यात एकदा माझं दूध करपलं, भांडं काळं झालं, धूर जिन्यात गेला आणि शेजारच्या शोभाताईंनी दार वाजवलं. बस, एवढंच. आता दूध कोणाचं करपत नाही? शिवाय ते करपलं तेव्हा मी फोनवर मानसीशीच बोलत होते, आणि फोन ठेवायला तीच तयार नव्हती. पण एकट्या राहणाऱ्या सत्तरीतल्या बाईचं दूध करपलं की लोकांना त्यात आजाराचं लक्षण दिसायला लागतं. मी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात नोकरी केली. नळाला पाणी नाही म्हणून टेबलावर मुठी आपटणारी माणसं मी वर्षानुवर्षं झेलली. आपल्याला कोणी सांभाळायला हवं आहे, असं मला तरी वाटत नव्हतं. नातीला भेटायचं होतं, म्हणून मी निघाले.

सिंगापूरचा विमानतळ मला आवडला. पायाखाली मऊ गालिचा, जिकडेतिकडे खरीखुरी झाडं, आणि कोणीही कोणावर खेकसत नव्हतं. मानसी, जावई केदारराव आणि नात सई असे तिघेही न्यायला आले होते. टॅक्सीतून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छत्रीसारखी पसरलेली मोठमोठी झाडं लागली. सिंगापूर म्हणजे नुसत्या काचेच्या इमारती अशी माझी कल्पना होती. पण मानसीचं सेम्बावांग अगदी उत्तरेच्या टोकाला, जुन्या गोदीच्या बाजूला. तिथे सगळं निवांत. इमारतींवर हातभर उंचीचे आकडे रंगवलेले. खाली व्हॉइड डेक (इमारतीच्या तळाची खांबांवरची मोकळी जागा), तिथे म्हातारी माणसं बनियनवर बसून सोंगट्यांचा डाव मांडून भांडत होती. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

घर आठव्या मजल्यावर. लांब व्हरांडा, प्रत्येकाच्या दाराशी चपला, कुंड्या, एखादी सायकल. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर चहा टाकावा म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. शेगडी विजेची, सपाट काचेची. बटण दाबलं, काही होईना. पुन्हा दाबलं, तर एका कुलपाचं चित्र लुकलुकलं. संध्याकाळी सईला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "आजी, दॅट वन चाइल्ड लॉक लह (तिथल्या इंग्रजीचं शेपूट). मम्माने ऑन केलं. फॉर यू."

चाइल्ड लॉक. म्हणजे रांगणाऱ्या पोरांनी शेगडीला हात लावू नये म्हणून असतं ते. आणि ते सई बाळ असताना नव्हे, मी आल्यावर लावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आल्या आल्या तोंड सोडायचं नाही असं ठरवलेलं होतं, म्हणून मी मूग गिळून गप्प बसले. फक्त ते कुलूप कसं उघडायचं ते सईकडून शिकून घेतलं.

पहिल्या रविवारी आम्ही बुओना व्हिस्टाला गेलो. केदाररावांचं ऑफिस त्याच भागात. एमआरटी (तिथली लोकलगाडी) इतकी स्वच्छ की पाय ठेवताना चप्पल पुसावीशी वाटते. ऑफिसच्या खाली एक छोटं कॅफे होतं, तिथे नाश्ता. सईने माझ्यासाठी परस्पर एक पदार्थ मागवला. आला तेव्हा मला तो ढोकळ्याच्या चुलत भावासारखा दिसला. चौकोनी, जाड, वरून बदामी रंगाचा, आणि कापल्यावर आत लाल-हिरव्या भाज्यांचे तुकडे. तोंडात घातला तर अंडं! पण उकडलेलं नाही, तळलेलं नाही, भट्टीत भाजून फुलवलेलं. मऊ, वरून किंचित कुरकुरीत, मधेच सिमला मिरचीचा गोडवा आणि मग काहीतरी खारट, धुरकट.

"हे गुलाबी काय आहे?" मी विचारलं.

"हॅम," मानसी जरा दबकत म्हणाली. "डुकराचं असतं आई. मिठात मुरवलेलं. तुला नको असेल तर मी..."

आमच्याकडे मटण-मासे चालतात, पण डुकराचं मांस कधी घरात आलेलं नव्हतं. मी क्षणभर थांबले, आणि दुसरा घास घेतला.

"शिओक (झकास) हां, आजी?" सईने विचारलं.

"शिओक," मी म्हटलं. आणि वाढणाऱ्या मुलीला बोलावून हे कसं करतात ते विचारलं. ती हसून म्हणाली की अगदी सोपं आहे, भाज्या आधी परतून त्यांचं पाणी आटवायचं, अंडी आणि दूध फेटायचं, हॅम घालायचं, वर चीज किसायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं.

"मी करते घरी," मी जाहीर केलं.

 केदारराव कॉफीत बघत राहिले. मानसी म्हणाली, "कशाला गं राबतेस? इथे आराम करायला आली आहेस ना?" आवाज गोड होता. असल्या गोड आवाजात लोक मला कार्यालयात सांगायचे, मॅडम, तुम्ही बसा, साहेबांशी आम्ही बोलतो. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की हा पदार्थ याच घरात, याच शेगडी-ओव्हनवर, नाकावर टिच्चून करायचा.

माझी मैत्री झाली ती शेजारच्या लिम आन्टीशी. वय माझ्याएवढंच, केस पोरासारखे कापलेले, एकटीच राहते. तिचं इंग्रजी तोडकं आणि माझं मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. इथे तिचं बोलणं मी सरळ मराठीतच लिहिते. एका सकाळी तिने हातात डबा घेऊन माझं दार वाजवलं आणि म्हणाली, "चल, अंडी उकडायला जाऊ."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण सेम्बावांगला खरोखरच गरम पाण्याचे झरे आहेत आणि भोवती एक बाग केलेली आहे. तिथे लोक नळाचं कढत पाणी बादलीत घेऊन त्यात पाय सोडून बसतात, आणि जिथे पाणी सर्वांत तापलेलं असतं तिथे अंडी उकडतात. लिम आन्टीने डब्यात अंडी ठेवली, वर पाणी सोडलं, झाकण लावलं आणि आम्ही पाय बादलीत घालून बसलो. आजूबाजूला सगळी आमच्याच वयाची माणसं. वाफा निघत होत्या, पाणी सांडत होतं, फरशी ओली होती. कोणाची मुलगी "आई, जपून" म्हणायला उभी नव्हती. अंडी जेमतेम शिजली. आम्ही ती पेल्यात फोडून वर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घालून चमच्याने खाल्ली.

"तुझी मुलं काही म्हणत नाहीत? एकटी फिरतेस म्हणून?" मी विचारलं.

"मुलगा म्हणतो, आई, एकटी जाऊ नकोस. मी म्हणते, बरं बरं," ती म्हणाली. "मग मी जाते."

येताना कोपीटियाममध्ये (चहा-कॉफी आणि भोवती खाण्याच्या टपऱ्या असलेलं मोठं दुकान) आम्ही दुधाचा चहा घेतला आणि तिथूनच मी तिला बाजारात ओढलं. अंडी, सिमला मिरची, मश्रूम, पालक, कांद्याची पात. हॅम तिने निवडून दिलं, ते पातळ चकत्यांचं नको, जाड तुकड्याचं घे म्हणाली.

बुधवार होता, म्हणजे वाराचीही आडकाठी नव्हती. मानसी पाया लेबार भागातल्या तिच्या ऑफिसात, केदारराव त्यांच्या ऑफिसात, सई शाळेत. मी शेगडीचं कुलूप उघडलं. कांदा, मश्रूम, सिमला मिरची परतली, पालक घातला, पाणी पार आटेपर्यंत हलवत राहिले आणि ताटात गार करायला पसरलं. दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून घातल्या, कारण त्या कॅफेवालीच्या पदार्थात तेवढीच उणीव होती. ओव्हन ओट्याखाली बसवलेला, दार काळ्या काचेचं. आधी तापवून घ्यायचा असतो एवढं माहीत होतं. बटण फिरवलं, आत कुठेतरी पंखा घुरघुरायला लागला. मी अंडी फेटायला घेतली.

वास आला तेव्हा वाटलं, बरेच दिवस न वापरलेल्या यंत्राचा असेल. मग डोळे चुरचुरले. मग ओव्हनच्या फटीतून काळा धूर आला आणि छतावरचं धुराचं यंत्र असं किंचाळायला लागलं की मी हातातला काटा टाकला. मुख्य बटण बंद केलं. तेवढ्यात लिम आन्टी लांब दांड्याची केरसुणी घेऊन आत घुसली. केरसुणीच्या दांड्याने तिने छतावरचं बटण खुपसलं, खिडक्या सताड उघडल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून ओव्हनचं दार उघडलं.

आत भांडी होती. मोठी परात, परातीत पोळ्यांचा प्लास्टिकचा डबा, दोन कढया, इडलीपात्र आणि मिक्सरचं जादा भांडं. पोळ्यांच्या डब्याचा लगदा होऊन परातीत साचला होता. त्यातल्या त्यात बरं की तो परातीतच राहिला. मिक्सरच्या भांड्याचं झाकण मात्र ओळखू येत नव्हतं.

परदेशात कितीही वर्षं काढा, मराठी घरातला ओव्हन हे भांड्यांचं कपाटच. पुण्याला माझ्या बहिणीच्या ओव्हनमध्ये तर सठीसामासी लागणारे चकलीचे सोरे आणि पाटपोळपाट असतात. हे मला माहीत होतं. मानसीकडेही तसंच असणार हे सुचायला हवं होतं म्हणाल, तर सुचलं नाही. ज्या घरात शेगडीला कुलूप आहे त्या घरात ओव्हनला निदान एक चिठ्ठी लावायला काय हरकत होती?

मजल्यावरच्या कोणीतरी मानसीला कळवलं. परात निवली, लगदा आम्ही सोडवला, तोपर्यंत ती टॅक्सीने येऊन पोचली. आधी माझे हात उलटेपालटे करून पाहिले, चेहरा पाहिला. कुठे भाजलेलं नाही याची खात्री झाली, आणि मग भडकली.

"हेच! हेच मी केदारला सांगत होते!"

"काय सांगत होतीस?"

मग सगळं बाहेर आलं. माझ्या लाँग टर्म पासचं (इथे जास्त काळ राहण्याच्या परवान्याचं) ती दोघं बघत होती. नाशिकचं घर भाड्याने द्यायचं चाललं होतं, शोभाताईंकडे ठेवलेल्या किल्लीने एक कुटुंब पाहूनही गेलं होतं.

"मला कोणी विचारलं?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं."

"बरं," मी म्हटलं. "आता माझा प्रश्न. ओव्हनमध्ये भांडी कोणी ठेवली?"

 मानसी म्हणाली, "सगळेच ठेवतात, आई. पण लावायच्या आधी दार उघडून बघायचं असतं."

"ओव्हन म्हणजे कपाट नव्हे. आणि दार उघडून बघायचं असतं, हे तू कोणा पंचविशीतल्या पाहुणीला म्हणाली असतीस का? ती म्हणाली असती, अय्या, सॉरी, आणि तुम्ही दोघी हसला असता. मी केलं म्हणून लगेच माझं घर भाड्याने?"

लिम आन्टी केरसुणी धरून मधे उभी होती. मराठीचा गंध नाही, पण भांडण कशावरून आहे ते तिला ओव्हनकडे पाहून कळत होतं. ती मानसीला म्हणाली, "माझ्या ओव्हनमध्ये पण कढई आहे." आणि केरसुणी घेऊन निघून गेली.

लगदा सोडवायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवलेलं फेटलेल्या अंड्यांचं पातेलं मी बाहेर काढलं. "आई, आता काय करतेस?" मानसी ओरडली. "नऊ अंडी फेटली आहेत," मी म्हटलं, "ती काही मी टाकणार नाही." ओव्हन आतून पुसला, डोकं आत घालून नीट बघितलं, आणि मोठ्याने म्हटलं, "रिकामा आहे. तूही बघ." तिने बघितलं. बटण पुन्हा फिरवलं. काचेच्या भांड्याला लोणी लावलं, भाज्या पसरल्या, हॅमचे तुकडे टाकले, वरून अंडी-दूध ओतलं, चीज किसलं आणि भांडं आत सरकवलं. सरकवताना ते दोनदा जाळीला आपटलं. ते तिने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे मी पाहिलं.

मग आम्ही दोघी ओव्हनसमोर जमिनीवर बसलो. आतला दिवा लावला की काळ्या काचेतून सगळं दिसतं.  कडेने अंडं हळूहळू वर चढायला लागलं.

"तुला तिथे काही झालं तर मला पोचायला किती वेळ लागेल, विचार केलास कधी?" मानसी म्हणाली. आता आवाजात राग नव्हता, आणि मला तो राग बरा वाटला असता. "मी रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी बघते, तू फोनवर शेवटची कधी दिसलीस. रोज. ते दिसेपर्यंत मी चपला घालत नाही."

हे मला माहीत नव्हतं.  पण तेव्हा मी विरघळले असते तर आयुष्यभर त्या काचेच्या शेगडीचं कुलूप उघडत बसले असते.

"काही व्हायचं असेल तर इथेही होईल," मी म्हटलं.

"पण इथे मी असेन."

"असशील. ऑफिसात असशील. मी या आठव्या मजल्यावर तुझी वाट बघत असेन, आणि माझं काम एकच, काही न होऊ देणं. मानसी, मला तिथे भाजीवाला नावाने ओळखतो. वाचनालयात माझी खुर्ची आहे. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून मी अजून भांडते आणि जिंकते. ते सगळं सोडून मी सुरक्षित राहिले, तर राहिलेली बाई कोण असेल?"

ती मधेच उठून ओव्हनचं दार उघडायला गेली, तर मी तिचा हात धरला. "उघडू नकोस, बसेल ते." ती पुन्हा खाली बसली, या वेळी माझ्या खांद्याला टेकून.

बाहेर काढलं तेव्हा ते टम्म फुगलेलं होतं, आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली बसलं. तसं ते बसतंच, असं मानसीने फोनवर शोधून सांगितलं. सई शाळेतून आली, केदारराव लवकर आले, लिम आन्टीला बोलावलं. हॅम आणि चीज दोन्ही खारट असतात हे विसरून मी नेहमीच्या हाताने मीठ घातलं होतं. जरा जास्तच झालं होतं. कोणी बोललं नाही, आणि मी तर मुळीच नाही. लिम आन्टीने मात्र तीनदा पाणी मागितलं.

"तिकिटाची तारीख..." जेवताना केदारराव अंदाज घेत म्हणाले.

"तिकिटावर आहे तीच," मी म्हटलं. मानसीने माझ्याकडे पाहिलं, ताटात दुसरा तुकडा वाढून घेतला आणि 'बघू' म्हणाली नाही.

उरलेले दिवस मी मनसोक्त भटकले. सेम्बावांगच्या किनाऱ्यावर बसून सामुद्रधुनीपलीकडचा मलेशिया पाहिला. बसने चुकीच्या दिशेला गेले आणि परतही आले, कोणाला न सांगता. शेगडीचं कुलूप कोणी काढलं ते मला माहीत नाही, पण एक दिवस ते लागलेलं नव्हतं. विमानतळावर मानसी रडली. मीही रडले, पण पाठ वळवल्यावर.

नाशिकला घर उघडलं तर स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर एक पांढरा डोळा माझ्याकडे बघत होता. कॅमेरा! शोभाताई ओशाळून म्हणाल्या, मानसीने माणूस पाठवला होता, किल्ली मीच दिली. मी स्टुलावर चढले, कॅमेऱ्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं आणि खाली उतरून पसरट भांडं काढलं. घरात ओव्हन नाही, हॅम नाही. कांदा, सिमला मिरची, दोन अंडी, वर झाकण, मंद आच. मीठ कमी.

फोन वाजलाच. "आई, कॅमेऱ्यात काही दिसत नाहीये."

"दिसणार नाही. फडकं टाकलंय, आणि शेगडीवर अंडं ठेवलंय."

"आई!"

"मानसी, रोज सकाळी मी तुला फोन करीन. तू चपला घालायच्या आधी. पण माझ्या ओट्यावर पहारा चालणार नाही."

 मग ती म्हणाली, "फुललं का गं?"

"फुलतंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

गॅस बंद केला, ताट वाढून घेतलं, बसले. पहिला घास घ्यायच्या आधी उठले आणि गॅस बंद आहे का ते पुन्हा पाहून आले. बंद होता. दुसऱ्या घासाला पुन्हा उठले. तेव्हाही बंदच होता. हे मानसीला सांगायचं नाही, आणि शोभाताईंना तर नाहीच. तुम्हाला म्हणून सांगते, मलाही भीती वाटते. तिला वाटते त्याहून जास्त वाटते. पण वाटायचीच असेल, तर ती मला माझ्या घरात वाटू दे.